पडघम-पथके आणि सॅक्सोफोन

पडघम-पथके आणि सॅक्सोफोन : केवळ पितळी सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये यांच्या साहाय्याने, संचलन करीत वादन करणाऱ्या शिस्तबद्ध पथकास पडघम-पथक किंवा ‘ड्रम कोर’ असे म्हणतात. अमेरिकेत अशा पथकांच्या स्पर्धा दीर्घकाळ होत आलेल्या असून, त्यांच्या नियमांनुसार सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी इ. वाद्यांना त्यांत स्थान नाही. बिगुल, ट्रंपेट, ट्राँबोन, ट्यूबा यांना प्रवेश आहे. पण धातूचाच बनलेला सॅक्सोफोन मात्र बाहेर ठेवला जातो. हा नियम कोठून आला, त्यामागील कारणे कितपत टिकाऊ आहेत व महाराष्ट्रातील बँडपथकांच्या आणि शालेय पथकांच्या संदर्भात तो लागू करणे योग्य होईल काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

स्वरूप : पडघम-पथकाचे तीन भाग असतात. पहिला भाग पितळी वाद्यांचा. दुसरा साइड ड्रम, टेनर ड्रम, बास ड्रम, झांजा इ. तालवाद्यांचा; तर तिसरा ध्वज व तत्सम साधने फिरविणाऱ्या ध्वजपथकाचा. पथकातील वादकांची व ध्वजधारकांची एकूण संख्या दीडशेच्या पुढेही जाते. स्पर्धेतील सादरीकरण साधारणपणे बारा मिनिटांच्या आत संपते आणि ते अमेरिकन फुटबॉलच्या सु. ९१ मी. लांब व सु. ४९ मी. रुंद मैदानावर होते. वादक वाजवीत असतानाच वर्तुळे, कर्ण, लाटा अशा आकृत्या रचीत व मोडीत जातात. परीक्षक स्वरांची शुद्धता, लयीची एकता, संचलनातील अचूकता आणि एकंदर परिणाम यांना स्वतंत्रपणे गुण देतात.

येथे ध्वनीच्या वेगाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हवेत ध्वनी सेकंदाला सु. ३४५ मी. अंतर कापतो. त्यामुळे मैदानाच्या एका टोकाचा ड्रम दुसऱ्या टोकास सु. पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके अशा गतीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. म्हणजे केवळ कानावर विसंबणारा वादक जवळजवळ अर्धा ठोका मागे पडतो. म्हणून पुढील वादक संचालकाच्या हाताकडे पाहून, तर मागील तालवाद्ये मध्यवर्ती लय धरून वाजवितात. वाद्यांची निवड करताना त्यांचा आवाज किती स्पष्टपणे व कोणत्या दिशेने जातो, हे पाहावे लागते, ते यामुळेच.

इतिहास : लष्करी संकेतांसाठी ड्रम व बिगुल यांची जोडी फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी ही परंपरा नागरी जीवनात आणली. युद्धानंतर उरलेले बिगुल व ड्रम स्वस्तात उपलब्ध झाले आणि गावोगावच्या तरुणांची पथके उभी राहिली. अमेरिकन लीजन ही संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. अशा माजी सैनिकांच्या संघटनांनी भरविलेल्या स्पर्धांतून पडघम-पथकांना निश्चित रूप आले. प्रारंभीच्या बिगुलांना कळ नसल्यामुळे त्यांतून केवळ नैसर्गिक उपस्वर निघत. पुढे एक, मग दोन व तीन कळांची वाद्ये मान्य झाली.

पथकांनी स्वतःच्या स्पर्धांचे नियंत्रण स्वतः करावे, या हेतूने १९७१ मध्ये ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाली व १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. या संस्थेच्या नियमांचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९८० नंतरच्या दशकात झायलोफोन, मरिंबा यांसारखी वाद्ये खांद्यावर न वाहता मैदानाच्या पुढील कडेला ठेवण्यास परवानगी मिळाली. २००० मध्ये ‘जी’ स्वराच्या बिगुलाचे बंधन सुटून इतर स्वरांची पितळी वाद्ये आली. २००४ मध्ये ध्वनिवर्धक व २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्ये मान्य झाली. २०१४ पासून ट्राँबोन, सूझाफोन यांचाही समावेश झाला. अशा रीतीने एकेक बंधन शिथिल होत गेले. मात्र काष्ठ-सुषिर वाद्यांवरील बंदी मूळ स्पर्धेत टिकून राहिली. वाद्यांचे बंधन नसलेला ‘साउंडस्पोर्ट’ हा निराळा विभाग त्याच संस्थेने सुरू केला. सॅक्सोफोनला त्यात वाव आहे.

सॅक्सोफोनची रचना : बेल्जियममधील दिनां येथे जन्मलेला वाद्यनिर्माता आदोल्फ साक्स (१८१४–९४) याने हे वाद्य निर्माण केले आणि १८४६ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे एकस्व घेतले. वाद्याची नळी पितळेची व शंक्वाकार असते. मुखाशी वेताच्या जातीच्या बोरूपासून केलेली एकच पत्ती (रीड) बसविलेली असते. फुंकर मारली असता ही पत्ती कंप पावते व नळीतील हवेच्या स्तंभात स्वर उत्पन्न होतो. नळीवरील छिद्रे चामड्याच्या गाद्या असलेल्या झाकणांनी बंद होतात व कळांच्या साहाय्याने ती उघडली जातात. याउलट ट्रंपेट, यूफोनियम इ. पितळी वाद्यांत वादकाचे ओठच कंप पावतात आणि कळांमुळे नळीची लांबी बदलते. वाद्यांचे वर्गीकरण धातूवरून न होता स्वरोत्पत्तीच्या पद्धतीवरून होते. यामुळे पितळेचा असूनही सॅक्सोफोन काष्ठ-सुषिर वाद्यांत, म्हणजे क्लॅरिनेटच्या पंक्तीत बसतो. तर प्राचीन काळी शिंगाचे असलेले रणशिंग ओठांनी वाजत असल्यामुळे पितळी वाद्यांच्या कुळातील ठरते. [→ सुषिर वाद्ये].

सोप्रानो, आल्टो, टेनर व बॅरिटोन हे सॅक्सोफोनचे प्रचलित प्रकार होत. सर्वांची बोटांची ठेवण सारखीच असल्याने एक प्रकार शिकलेला वादक दुसऱ्याकडे सहज वळतो. मोठ्या पथकासाठी ही फार मोठी सोय आहे.

वगळण्याची कारणे : सॅक्सोफोनला विरोध करणारे तीन प्रकारची कारणे पुढे करतात. पहिले कारण ध्वनिशास्त्रीय आहे. पितळी वाद्याचा सर्व आवाज पुढील कर्ण्यातून बाहेर पडतो. त्यातील उच्च उपस्वर तर विशेषच दिशाबद्ध असतात. जोराने फुंकले असता लांब नळीतून जाणारी ध्वनितरंगाची कड अधिकाधिक तीव्र होते व वाद्याचा नाद झगझगीत बनतो. शंभर कर्णे एकाच वेळी प्रेक्षकांकडे वळले, की होणारा नादाचा आघात हा या कलेचा प्राण मानला जातो. सॅक्सोफोनचा आवाज कर्ण्याइतकाच उघड्या छिद्रांतूनही बाहेर पडतो व चहूकडे पसरतो. तो दुबळा नसतो; परंतु त्याला दिशा देता येत नाही. कर्णे वळविण्याची कृती त्याच्या बाबतीत निष्फळ ठरते.

दुसरे कारण दृश्य स्वरूपाचे आहे. ट्रंपेट आडवा व समोर धरला जातो. सॅक्सोफोन गळ्यातील पट्ट्यास टांगून अंगालगत तिरका धरला जातो. एकसारख्या रेषेत उचलल्या जाणाऱ्या वाद्यांच्या रांगेत तो वेगळा दिसतो. तिसरे कारण देखभालीचे आहे. पत्ती उन्हात कोरडी पडून वाकते, पावसात फुगते. गाद्या ओल्या झाल्या, की छिद्रे नीट मिटत नाहीत आणि एखादी कळ वाकली, तर अनेक स्वर एकदम बिघडतात. ट्रंपेटमध्ये असे नाजूक भाग थोडे असतात.

या कारणांचे वजन सारखे नाही. देखभालीचे कारण खरे असले, तरी जगभरातील लष्करी बँड सॅक्सोफोन घेऊन उन्हापावसात संचलन करीत आलेले आहेत. दृश्याचे कारण सवयीचे आहे. अमेरिकेतीलच विद्यालयीन बँड सॅक्सोफोनच्या रांगा घेऊन त्याच मैदानावर तितक्याच अचूकतेने उतरतात. ध्वनिशास्त्रीय कारण सर्वांत सबळ होय. परंतु मैदानाच्या कडेला ध्वनिवर्धक व इलेक्ट्रॉनिक वाद्ये आल्यापासून तेही दुबळे झाले आहे. ज्या स्पर्धेत विजेवर चालणाऱ्या पेटीतून तंतुवाद्यांचा आवाज काढता येतो, तेथे हवेने वाजणारा सॅक्सोफोन निषिद्ध का, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे. उरते ते परंपरेचे कारण. पितळ व चर्म यांचा नाद हीच या कलेची ओळख असून, ती सोडल्यास पडघम-पथक व सामान्य बँड यांत भेद राहणार नाही, असे तिचे समर्थक म्हणतात. हे कारण सौंदर्यदृष्टीचे आहे, ते तांत्रिक म्हणून मांडणे चूक होय.

यापूर्वीचे वाद : सॅक्सोफोनचे एकस्व घेण्याआधीपासूनच साक्सची वाद्ये अशा वादात सापडली होती. फ्रेंच पायदळाच्या बँडची पुनर्रचना करण्याच्या हेतूने २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसमधील शां द मार्स मैदानावर दोन बँडांची जाहीर तुलना घेण्यात आली. एका बाजूस संगीतकार काराफा याचा जुन्या घडणीचा बँड होता, तर दुसऱ्या बाजूस साक्सच्या नव्या वाद्यांचा, संख्येने लहान बँड. जमलेल्या लोकांनी साक्सला पसंती दिली व त्याच वर्षी शासनाने त्याची वाद्ये स्वीकारली. १८४८ च्या क्रांतीनंतर हा निर्णय फिरविण्यात आला आणि १८५४ मध्ये ती वाद्ये पुन्हा परत आली. वाद्यांची गुणवत्ता या नऊ वर्षांत बदललेली नव्हती, बदलले होते ते शासन. कोणत्या वाद्यास प्रवेश द्यावा, याचा निर्णय निव्वळ संगीताच्या आधारे होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ब्रिटनमधील पितळी बँडांच्या स्पर्धांचा अनुभव याहून निराळा आहे. मँचेस्टरजवळील बेल व्ह्यू उद्यानात १८५३ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धांतून गिरण्या-खाणींतील कामगारांचे बँड नावारूपास आले. त्यांचा संच हळूहळू ठरत गेला व आज पंचवीस पितळी वादक आणि तालवादक असे त्याचे स्वरूप आहे. तेथे सॅक्सोफोन नाही, तसा ट्रंपेटही नाही. त्याऐवजी कॉर्नेट आहे. सर्व बँडांचा संच एकच असल्यामुळे सर्वांना एकच रचना वाजविता येते व तुलना न्याय्य होते. वाद्यांवरील निर्बंध हा येथे स्पर्धेचा पाया ठरला.

भारतातील स्थिती : भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो; कारण येथे ‘ब्रास बँड’ या नावाखाली क्लॅरिनेट व सॅक्सोफोन प्रथमपासूनच समाविष्ट झालेले आहेत. ब्रिटिश लष्करी बँडांचे अनुकरण प्रथम संस्थानांनी व नंतर व्यावसायिक बँडपथकांनी केले. त्या मूळ बँडांतच काष्ठ-सुषिर वाद्यांचा भरणा असल्याने, मराठीत ‘बँड’ या शब्दाने पितळ व पत्ती यांचा मिश्र नादच सुचविला जातो. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मध्य प्रदेशातील पंचमढी येथे लष्करी संगीताचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. सैन्यात ब्रास बँड व पाइप बँड असे दोन मुख्य वर्ग असून, शालेय बँडांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही हेच वर्ग मानलेले आहेत. वाद्यनिर्मितीचे प्रमुख केंद्र उत्तर प्रदेशातील मीरत हे असून, तेथील नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ मध्ये झाली.

सॅक्सोफोन भारतीय संगीतात कितपत रुजू शकतो, याचे उत्तर कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी दिले. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी हे वाद्य प्रथम ऐकले व पुढे त्याच्या कळांच्या रचनेत फेरफार करून कर्नाटक संगीतातील गमके त्यातून काढली. हिंदी चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचे सॅक्सोफोनवादन विख्यात आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलिपीचे शिक्षण मिळत असे. त्यातून तयार झालेले वादक फेस्ताच्या बँडांतून मुंबईच्या जॅझ व चित्रपट-वाद्यवृंदांत गेले. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हे त्यांपैकीच होत.

महाराष्ट्रातील परंपरा : पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व इ. बँडपथके व ढोल-ताशा पथके एकाच मार्गाने जातात. पण त्यांचे संगीत निराळे असते. बँडपथक राग व गीते वाजविते, म्हणून त्यास क्लॅरिनेट-सॅक्सोफोनची गरज असते. ढोल-ताशा पथकात ढोल, ताशा, झांज व टोल एवढीच वाद्ये असून सोबत ध्वज नाचविले जातात. ताशा बोल देतो, ढोल ठेका धरतो. लयीची ही रचना स्वयंपूर्ण असल्याने तीत सुरांचे वाद्य नसणे हे वैगुण्य ठरत नाही. घडणीच्या दृष्टीने अमेरिकन पडघम-पथकाचे सर्वांत जवळचे मराठी रूप हेच होय. तेथे सॅक्सोफोन आणल्यास ढोलांच्या गजरात तो बुडून जाईल किंवा त्याला ऐकू येऊ देण्यासाठी ढोलांना दबून वाजवावे लागेल. दोन्ही गोष्टी पथकाच्या प्रकृतीला सोडून आहेत.

संचलनी वाद्यांना देशी नावे देण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला. नागपूर येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषपथकात साइड ड्रमला आनक, बिगुलाला शंख, ट्रंपेटला तूर्य, यूफोनियमला गोमुख, क्लॅरिनेटला स्वरद व सॅक्सोफोनला नागांग अशा संज्ञा आहेत. संचलन करणाऱ्या एकाच पथकात ड्रम, बिगुल व सॅक्सोफोन या तिन्हींना स्थान मिळाल्याचे हे उदाहरण आहे.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ : मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोली येथे (१९९९ पासून स्वतंत्र जिल्हा) हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. जिल्ह्याचे स्वतःचे लोकसंगीत मात्र हलगी, सनई, संबळ, डफ व ताशा या वाद्यांचे आहे. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत यांसारख्या गावांतील वरातींत, परभणीच्या उरुसातील संदल मिरवणुकीत, तसेच गणेशोत्सव व आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांत सनई-हलगीच्या शेजारी बँड उभा राहिला. मराठवाड्यात बँडचे काम करणाऱ्यांत मातंग व मुस्लिम समाजांतील वादक कुटुंबे मोठ्या प्रमाणात आढळतात. स्वरलिपी न शिकता, कानाने ऐकून गाणे बसविणे ही त्यांची रीत होय. सनईप्रमाणे पत्तीवर वाजणारी व छिद्रांवर बोटे फिरवून स्वर देणारी क्लॅरिनेट-सॅक्सोफोन ही वाद्ये त्यांना जवळची वाटावीत, हे स्वाभाविक आहे. मींड व घसीट पत्तीवर सुलभपणे येते, तीन कळांच्या ट्रंपेटवर ती कष्टसाध्य असते.

शाळांतील पथके याहून साधी असतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी व मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन (१७ सप्टेंबर) या दिवशी ध्वजवंदनाला साइड ड्रम, बास ड्रम, झांजा, बिगुल व बासरी असा संच घेऊन विद्यार्थी संचलन करतात. जोडीला लेझीम असते. बिगुल व ड्रम हे पडघम-पथकाचे मूळ बीजच होय. अशा शाळेला पुढील पायरी गाठावयाची झाल्यास पूर्ण पितळी संच विकत घेणे आवाक्याबाहेरचे असते. गावातील बँडवादकाकडून जे शिकता येते, ते बहुधा क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वा ट्रंपेट असते. ‘पितळ व पडघम एवढेच’ असा नियम अशा ठिकाणी लावल्यास पत्तीची वाद्ये शिकलेली मुले स्पर्धेबाहेर राहतील आणि त्यांचा नैसर्गिक गुरू असलेला स्थानिक वादकही निरुपयोगी ठरेल.

हवामानाचा विचारही आवश्यक आहे. परभणीत एप्रिल-मेमध्ये तपमान ४०° से.च्या वर जाते. २०° से.वरून ४०° से.पर्यंत हवा तापली, तर ध्वनीच्या वेगातील वाढीमुळे सुषिर वाद्यांची तारता वाढू लागते. केवळ हवेचा विचार केल्यास ही वाढ निम्म्या अर्धस्वराहून किंचित अधिक भरते, मात्र वादकाच्या श्वासाचे तपमान नळीतील बदल पुष्कळसा सौम्य करते. सॅक्सोफोन व ट्रंपेट दोन्ही एकाच दिशेने चढत असल्यामुळे परस्परांशी ते जुळविता येतात. खरी अडचण येते ती ठरावीक तारतेच्या धातुपट्ट्यांच्या वा इलेक्ट्रॉनिक वाद्यांशी जुळविताना. पत्ती कोरडी पडण्याचा दोष मात्र सॅक्सोफोनचाच असून, उन्हात उभे राहण्यापूर्वी ती ओली करून घेणे व जादा पत्त्या जवळ बाळगणे हाच त्यावर उपाय आहे.

व्यावसायिक बँडपथकांपुढील संकट याहून मोठे आहे. गेल्या काही दशकांत हातगाडीवरील कर्णे व कीबोर्ड यांनी आणि पुढे मोठ्या ध्वनिक्षेपक-भिंतींनी वादकांची संख्या घटविली. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंधने आली व निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा ठरली. चातुर्मासात लग्ने नसल्याने बँडवादकांचे उत्पन्न आधीच हंगामी असते. अशा वेळी शालेय व तरुणांच्या पथकांना शिकविण्याचे काम हे वादकांना वर्षभराचा आधार देऊ शकते; पण त्यासाठी त्यांची वाद्ये स्पर्धेच्या नियमांत बसली पाहिजेत.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. एखाद्या कलाप्रकाराने आपला संच मर्यादित ठेवणे गैर नाही. ब्रिटिश पितळी बँड, ढोल-ताशा पथक व अमेरिकन पडघम-पथक यांची शक्ती त्यांच्या मर्यादेतच आहे आणि सॅक्सोफोन तेथे नसल्याने त्या कला अपूर्ण ठरत नाहीत. परंतु ही मर्यादा त्या त्या ठिकाणच्या इतिहासातून आलेली असते. युद्धानंतर उरलेल्या बिगुलांमुळे अमेरिकेत जो संच घडला, तो परभणीच्या शाळेने जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. कारण येथे गावात उरलेले आहे, ते पत्तीचे वादन.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांनी वर्ग स्पष्टपणे वेगळे ठेवणे हाच ग्राह्य मार्ग दिसतो : केवळ तालवाद्यांचा एक, पितळ व पडघम यांचा दुसरा आणि पत्तीच्या वाद्यांसह मिश्र बँडचा तिसरा. पहिल्या दोहोंत सॅक्सोफोनला जागा नाही व ती मागण्याचेही कारण नाही. तिसऱ्यात ती हक्काने असावी व त्या वर्गाला दुय्यम लेखू नये. नियम मात्र स्पर्धेच्या पुष्कळ आधी प्रसिद्ध झाला पाहिजे. कारण शहरातील शाळा नवी वाद्ये विकत घेऊन उणीव भरून काढू शकते, परंतु लहान गावातील मुलाने वर्षभर ज्या वाद्यावर मेहनत केली, ते ऐन मैदानावर नाकारले गेल्यास त्याच्या हाती दुसरे वाद्य नसते.